ग्रामीण आरोग्यसेवेतील परिचर्या-नेतृत्व : जबाबदारी आणि अधिकार

(परिचर्या व सार्वजनिक आरोग्य या विषयांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ग्रामीण आरोग्यसेवेची चर्चा आपल्याकडे बहुधा एका प्रश्नापासून सुरू होते आणि त्याच प्रश्नापाशी थांबते. तो प्रश्न म्हणजे, ‘खेड्यात डॉक्टर का जात नाहीत?’ प्रश्न महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक त्या विशेषज्ञांपैकी सुमारे ८० टक्के विशेषज्ञांची कमतरता होती. तथापि या चर्चेत एक दुसरा, तितकाच मूलभूत प्रश्न झाकला जातो. डॉक्टर नसताना, अथवा असूनही त्या घटकेला जवळ नसताना, ही सेवा प्रत्यक्षात चालवते कोण?

या प्रश्नाचे उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. उपकेंद्रात आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रात अधिपरिचारिका व आरोग्य सहाय्यिका, ग्रामीण रुग्णालयात परिसेविका ही सेवा चालवतात. लसीकरण असो, गर्भवतींची तपासणी असो, क्षयरुग्णाला नियमित औषध देणे असो वा रात्री-अपरात्री होणारी प्रसूती असो, शासनाच्या आरोग्यविषयक धोरणाचे अखेरचे पाऊल परिचर्या क्षेत्रातील व्यक्तीच टाकत असते. सेवेचा भार ज्यांच्यावर आहे, त्यांच्याकडे त्या सेवेविषयी निर्णय घेण्याचा अधिकार मात्र फारच थोडा आहे. जबाबदारी व अधिकार यांतील ही तफावत हाच ग्रामीण परिचर्या-नेतृत्वाचा गाभ्याचा प्रश्न आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

नेतृत्व म्हणजे नेमके काय?

‘नेतृत्व’ हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर पद, खुर्ची व अधिकारांची उतरंड उभी राहते. ग्रामीण परिचर्येत नेतृत्वाचा अर्थ याहून अधिक व्यापक आहे. मध्यरात्री प्रसूत झालेल्या एखाद्या स्त्रीला अतिरक्तस्राव सुरू झाला, तर जिल्हा रुग्णालय गाठेपर्यंत तिचे प्राण राहतील याची खात्री नसते. गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणणारे इंजेक्शन त्याच क्षणी द्यावयाचे की नाही, रुग्णवाहिका केव्हा बोलवावयाची, नातेवाइकांना काय सांगावयाचे, पुढील रुग्णालयास काय कळवावयाचे, हे सर्व निर्णय तेथे उपस्थित असलेल्या परिचारिकेलाच घ्यावे लागतात. हे नेतृत्वच होय, मग तिच्या नावापुढे कोणतेही पद असो वा नसो.

येथे एक धोरणात्मक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. असे जीवरक्षक औषध देण्याची स्पष्ट मुभा आरोग्यसेविकांना दीर्घकाळ नव्हती. २००५ च्या सुमारास केंद्र शासनाने कुशल प्रसूतिसेवेच्या धोरणाचा भाग म्हणून आरोग्यसेविका, आरोग्य सहाय्यिका व परिचारिका यांना ठरावीक परिस्थितीत गर्भाशय-आकुंचक औषधे देण्यास, तसेच गर्भावस्थेतील झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन रुग्णास पुढे पाठविण्यास अनुमती दिली. औषध पूर्वीही होते, सेविकाही होती; जोडला गेला तो केवळ अधिकार. अशा एका अनुमतीचा अर्थ एखाद्या मातेच्या दृष्टीने जीवन आणि मरण यांतील अंतर एवढा मोठा असू शकतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतातील आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशात प्रशिक्षित परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० इतकीच होती. दर ५०० लोकसंख्येमागे एक परिचारिका, हे दीर्घ मुदतीचे उद्दिष्ट समितीने समोर ठेवले. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषद अधिनियम संमत झाला व शिक्षणाच्या एकसमान दर्जाचा पाया घातला गेला. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघ तर त्यापूर्वीच, १९०८ पासून कार्यरत होता.

स्वातंत्र्योत्तर काळात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे विस्तारू लागले, तशी ग्रामीण भागासाठी सहाय्यक परिचारिका-प्रसाविका, म्हणजेच आपल्या परिचयाची ‘एएनएम’, हा संवर्ग महत्त्वाचा ठरला. प्रारंभी तिचे कार्य मुख्यत्वे माता-बालसंगोपन व प्रसूतिसेवा हेच होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंबनियोजन कार्यक्रमाला प्राधान्य मिळाले आणि तिच्या कामाचे मोजमाप उद्दिष्टपूर्तीच्या आकड्यांत होऊ लागले. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय कार्यकर्त्याची संकल्पना मांडली. त्यानुसार एएनएम ही ‘स्त्री आरोग्य कार्यकर्ती’ झाली व लेडी हेल्थ व्हिजिटर ही तिची पर्यवेक्षिका झाली. पुढे १९७७ मध्ये एएनएमचे प्रशिक्षण दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आले. २०१२ च्या सुधारित अभ्यासक्रमाने ते पुन्हा दोन वर्षांचे केले.

या प्रवासाचा अर्थ काय? एका बाजूने सेविकेच्या कामांची यादी वाढत गेली, दुसऱ्या बाजूने तिचे मूळ कौशल्य, म्हणजे प्रसूतिसेवा, क्षीण होत गेले. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर विचार बदलला व एप्रिल १९९६ पासून देशभर उद्दिष्टमुक्त दृष्टिकोन स्वीकारण्यात आला. तथापि आकड्यांनी काम मोजण्याची प्रशासकीय सवय एका आदेशाने जात नसते. आरोग्यसेविकेला निर्णयक्षम व्यावसायिक मानावयाचे की आदेश पाळणारी कर्मचारी, हा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित राहिला आणि आजही त्याचे पूर्ण उत्तर आपल्यापाशी नाही.

परिचर्येच्या एकूण स्थितीचा सखोल विचार करण्यासाठी १९८७ मध्ये श्रीमती सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमण्यात आली. सेवाशर्ती, शिक्षण, निवास, पदोन्नती व प्रशासनातील परिचर्येचे स्थान या सर्व बाबींचा तिने परामर्श घेतला. समितीने उपस्थित केलेल्या मुद्द्यांपैकी अनेक मुद्दे आजही तितकेच ताजे वाटावेत, हे या क्षेत्राच्या संथ प्रगतीचे निदर्शक म्हणावे लागेल.

सेवेची रचना व आकड्यांचा अर्थ

ग्रामीण आरोग्यसेवेची त्रिस्तरीय रचना आपण अभ्यासली असेलच. मैदानी प्रदेशात ५,००० व डोंगरी-आदिवासी प्रदेशात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. अनुक्रमे ३०,००० व २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आणि १,२०,००० व ८०,००० लोकसंख्येमागे तीस खाटांचे एक सामुदायिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. एका आरोग्य सहाय्यिकेने सहा उपकेंद्रांचे पर्यवेक्षण करावे, अशी अपेक्षा आहे. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने उपकेंद्रात दुसऱ्या आरोग्यसेविकेची तरतूद केली, ‘आशा’ कार्यकर्तीची जोड दिली, तसेच आरोग्यसेविका व सरपंच यांच्या संयुक्त खात्यावर वार्षिक १०,००० रुपयांचा अबंधित निधी दिला.

या प्रयत्नांचे फलित उल्लेखनीय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्क्यांवर पोहोचले. नमुना नोंदणी पद्धतीनुसार मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. याचे श्रेय एकट्या परिचर्येला देता येणार नाही. रस्ते, शिक्षण, जननी सुरक्षा योजना, रुग्णवाहिका यांचाही त्यात वाटा आहे. परंतु हेही तितकेच खरे की, रुग्णालयात पोहोचलेल्या ग्रामीण स्त्रीची प्रसूती बहुतांश वेळा परिचारिकेच्याच हातून होते. संस्थेत प्रसूती झाली एवढ्याने ती सुरक्षित होत नाही. तेथे उपस्थित असलेली व्यक्ती किती कुशल आहे आणि तिला काय करण्याची मुभा आहे, यावर ती सुरक्षितता ठरते. प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेसाठी २०१७ च्या अखेरीस ‘लक्ष्य’ कार्यक्रम हाती घ्यावा लागला, त्यामागे हेच कारण होते.

परिचारिकांच्या एकूण संख्येचे आकडे वाचताना विद्यार्थ्यांनी सावध असावे. २०२२ च्या सुमारास शासनाने दिलेल्या माहितीनुसार देशात ३३ लाखांहून अधिक परिचर्या कर्मचाऱ्यांची नोंदणी होती. दर हजारी हे प्रमाण दोनच्या आसपास येते. दर हजारी तीन हा निकष सामान्यतः तुलनेसाठी वापरला जातो. परंतु नोंदणी म्हणजे उपलब्धता नव्हे. नोंदवहीत निवृत्त झालेल्या, परदेशी गेलेल्या व व्यवसाय सोडलेल्या व्यक्तींची नावेही राहतात. शिवाय सरासरीत विषमता लपते. परिचर्या शिक्षणसंस्था दक्षिणेकडील राज्यांत एकवटल्या आहेत, तर गरज मध्य, पूर्व व ईशान्य भारतात अधिक आहे. दुर्गम तालुक्यातील रिक्त पदाचे दुःख राष्ट्रीय सरासरीला कळत नाही.

नेतृत्वापुढील आव्हाने

पहिले आव्हान अधिकाराचे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा प्रमुख वैद्यकीय अधिकारी असतो, तालुक्याचा तालुका आरोग्य अधिकारी, जिल्ह्याचा जिल्हा आरोग्य अधिकारी वा जिल्हा शल्यचिकित्सक. या साखळीत परिचर्येचा स्वतंत्र आवाज कोठे ऐकू येतो? मनुष्यबळाचे नियोजन, औषध व साहित्याची खरेदी, कामाच्या पाळ्या, प्रशिक्षणाची निवड याविषयीच्या बैठकीत परिचारिका बहुधा माहिती देण्यापुरती उपस्थित असते, निर्णयापुरती नव्हे. परिचर्येसाठी स्वतंत्र व सक्षम प्रशासकीय व्यवस्था काही मोजक्याच राज्यांत उभी राहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ ते २०२५ या काळासाठीच्या आपल्या धोरणदिशांमध्ये शासनात वरिष्ठ स्तरावर मुख्य परिचर्या अधिकाऱ्याचे पद असावे, यावर भर दिला होता.

दुसरे आव्हान पदोन्नतीचे आहे. ऐन विशीत सेवेत आलेली आरोग्यसेविका, सहा महिन्यांचे पदोन्नती प्रशिक्षण घेऊन आरोग्य सहाय्यिका होते आणि बहुतेक ठिकाणी तिचा प्रवास तेथेच संपतो. रुग्णालयीन परिचर्येत अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका व अधिसेविका अशी शिडी आहे. परंतु तिच्या वरच्या पायऱ्या बहुतांशी शहरांतील मोठ्या रुग्णालयांत आहेत. परिणामी पदोन्नती हवी असेल तर खेडे सोडावे लागते. अनुभव जमा होतो, तो गावाबाहेर जातो व गावाला पुन्हा नवखी व्यक्ती मिळते.

तिसरे आव्हान कामाच्या स्वरूपाचे आहे. आरोग्यसेविकेला सेवा द्यावी लागते व त्या सेवेची नोंदही अनेक ठिकाणी ठेवावी लागते. २०१६ पासून ‘अनमोल’ या टॅबलेटवरील प्रणालीने नोंदी सुलभ होतील, अशी अपेक्षा होती. परंतु जेथे नेटवर्क नाही वा वरिष्ठांना कागदही हवा असतो, तेथे नोंदवही सुटत नाही व टॅबलेटचीही भर पडते. नेतृत्वाला विचार करण्यासाठी वेळ लागतो. आपल्याच गावातील माहितीवरून ‘या वस्तीत लसीकरण का घटले?’ असा प्रश्न विचारणे हे नेतृत्व. ती माहिती केवळ वर पाठविणे हे कारकुनी काम. आपण सेविकेकडून बहुतांशी दुसरेच करवून घेतो.

चौथे आव्हान सुरक्षिततेचे व निवासाचे आहे. सेविकेने मुख्यालयी राहावे, असा नियम आहे. परंतु निवासस्थान मोडकळीस आलेले, पाणी दूर, रात्री दार ठोठावणारा कोण हे सांगता येत नाही, अशी स्थिती असल्यास केवळ नियमाने प्रश्न सुटत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये आपला प्रकल्प सुरू केला, तेव्हा प्रारंभी एएनएमना गावांत ठेवण्याचा प्रयोग झाला होता. बाहेरून आलेल्या एकट्या तरुणीला तेथे राहणे अवघड जाते, हे लक्षात आल्यावर त्यांनी गावातीलच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले व परिचारिकांना त्यांच्या पाठीशी मार्गदर्शक म्हणून उभे केले. या अनुभवाचा बोध असा की, सेविकेचे एकाकीपण हा तिचा वैयक्तिक दुबळेपणा नसून रचनेतील दोष असतो आणि रचना बदलून तो दूर करता येतो. गावपातळीवर काम करणाऱ्या राजस्थानातील एका कार्यकर्तीवरील अत्याचारातूनच १९९७ चा ‘विशाखा’ निर्णय व पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासंबंधीचा कायदा आला, हेही येथे स्मरणात ठेवावे. ज्या सेविकेचे कामाचे ठिकाण म्हणजे आठ-दहा वाड्यावस्त्या व त्यांना जोडणाऱ्या पाऊलवाटा आहेत, तिच्यापर्यंत या कायद्याचे संरक्षण पोहोचविणे हे अद्याप अपुरे राहिलेले कार्य आहे.

पाचवे आव्हान सामाजिक दृष्टिकोनाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील आरोग्य मनुष्यबळात स्त्रियांचा वाटा सुमारे ७० टक्के होता, परंतु वरिष्ठ पदांवर तो केवळ २५ टक्के होता. परिचर्येत तर सुमारे ९० टक्के स्त्रियाच आहेत. ‘सेवाभाव’ या शब्दाने आपण तिचा गौरव करतो आणि त्याच शब्दाच्या आड तिचे ज्ञान दुर्लक्षितो. जातीचा व वर्गाचा प्रश्नही येथे आहेच. रक्त, मलमूत्र, प्रसूती यांच्याशी संबंधित कामाला आपल्या समाजाने दीर्घकाळ हीन लेखले. त्या मानसिकतेची छाया परिचारिकेच्या सामाजिक स्थानावर अद्यापही पडलेली दिसते.

सहावे आव्हान कंत्राटी सेवेचे आहे. अभियानांतर्गत भरलेली बरीच पदे कंत्राटी आहेत. एकाच कक्षात, एकच काम करणाऱ्या दोन परिचारिकांचे वेतन व सुरक्षितता भिन्न असते. दरवर्षी करार नूतनीकरणाची वाट पाहणारी व्यक्ती व्यवस्थेतील उणिवेवर बोट ठेवण्यास साहजिकच कचरते. खासगी क्षेत्रातील वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये मासिक वेतनाची शिफारस केली. तालुक्याच्या गावातील लहान रुग्णालयांत तिची अंमलबजावणी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा.

एक आशादायी उदाहरण : तमिळनाडू

समस्यांची यादी करणे सोपे असते. म्हणून एका राज्याचा अनुभव पाहू. तमिळनाडूने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रत्येकी तीन परिचारिका नेमून पाळीपद्धतीने चोवीस तास प्रसूतिसेवा सुरू ठेवण्याचा मार्ग अवलंबिला. डॉक्टर चोवीस तास तेथे थांबू शकत नसला, तरी कुशल परिचारिका थांबू शकते व गरज पडल्यास डॉक्टरला बोलावू शकते, हा त्यामागील साधा विचार. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रांवरील लोकांचा विश्वास वाढला व तेथील प्रसूतींची संख्याही लक्षणीय वाढली. त्या राज्यात ग्राम आरोग्य परिचारिकेपासून विभाग व समुदाय आरोग्य परिचारिकेपर्यंत आणि तेथून जिल्हास्तरीय माता-बाल आरोग्य पदापर्यंत पर्यवेक्षणाची साखळीही परिचर्या संवर्गातूनच उभी राहिली.

हे उदाहरण जसेच्या तसे सर्वत्र लागू होईल असे नव्हे. तेथे सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र प्रशासकीय परंपरा व औषधपुरवठ्याची सक्षम व्यवस्था आहे. परंतु त्यातून एक सूत्र निश्चित मिळते. परिचारिकेला एकटी न ठेवता गटात ठेवणे, तिला औषधांचा खात्रीशीर पुरवठा देणे आणि तिच्या वरचा पर्यवेक्षक तिच्याच कामाचा जाणकार असणे, या तीन बाबी जुळल्या की नेतृत्व आपोआप आकार घेऊ लागते.

समुदाय आरोग्य अधिकारी : नवी संधी, नवे ताण

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने मध्यम स्तरावरील आरोग्यसेवा पुरवठादार, नर्स प्रॅक्टिशनर व सार्वजनिक आरोग्य परिचारिका यांच्या संवर्गांचा पुरस्कार केला. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील विजापूर जिल्ह्यातील जांगला येथे देशातील पहिले आरोग्य व निरामयता केंद्र सुरू झाले. २०२३ मध्ये या केंद्रांचे नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे करण्यात आले. उपकेंद्राच्या स्तरावर या केंद्राची धुरा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे असते. परिचर्येची पदवी वा पदविका घेतलेल्या, तसेच आयुर्वेद पदवीधर व्यक्तीस सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून हे पद मिळू लागले. पुढे हा अभ्यासक्रम परिचर्या पदवीतच समाविष्ट करण्याची पावले उचलली गेली.

परिचर्येच्या इतिहासात ही महत्त्वाची घटना आहे. गावाच्या पातळीवर नेतृत्वाचे पद प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर परिचारिकांसाठी खुले झाले. उच्च रक्तदाब, मधुमेह व कर्करोगाची प्राथमिक तपासणी, डॉक्टरने सुरू केलेल्या औषधांचे सातत्य, ‘ई-संजीवनी’द्वारे दूरस्थ सल्ला अशी कामे तेथे होऊ लागली. तथापि संधीबरोबर ताणही आला. वीस वर्षे त्याच गावात सेवा दिलेली, स्थायी नियुक्ती असलेली आरोग्यसेविका आणि नुकताच पदवीधर झालेला, कंत्राटी समुदाय आरोग्य अधिकारी, या दोघांपैकी गटाचे नेतृत्व कोणाचे? आदेशानुसार अधिकाऱ्याचे, गावाच्या विश्वासानुसार सेविकेचे. हा पेच आदेशाने सुटणारा नाही. अधिकाऱ्याने सेविकेचे अनुभवजन्य ज्ञान मान्य करणे आणि सेविकेने अधिकाऱ्याची नवी कौशल्ये स्वीकारणे, हाच त्यावरील मार्ग होय. परिचर्या शिक्षणात गटकार्य व संघर्ष-निवारण यांचे प्रशिक्षण यासाठीच हवे.

प्रसूतिसेवेच्या क्षेत्रातही असाच बदल घडत आहे. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा संवर्ग घडविण्याचे ठरले. सामान्य प्रसूतीची संपूर्ण जबाबदारी प्रसाविकेकडे असावी व गुंतागुंतीच्या वेळी डॉक्टरने हाती घ्यावे, हे त्यामागील तत्त्व आहे.

कायदा व पुढील दिशा

राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम, २०२३ हा १९४७ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संमत झालेला कायदा आहे. शिक्षण, मूल्यमापन व मानांकन, तसेच नीतिमत्ता व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळे, राज्य आयोग आणि राष्ट्रीय नोंदवही यांची तरतूद त्यात आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वैद्यकीय महाविद्यालयांना संलग्न १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांची घोषणा झाली. हे उपक्रम स्वागतार्ह आहेत. परंतु कायदा दर्जा ठरवू शकतो, जागा निर्माण करू शकत नाही. ‘सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने’ हा राज्यसूचीतील सहाव्या क्रमांकाचा विषय असल्याने पदनिर्मिती, पदोन्नती व निवास यांचा निर्णय राज्यांनीच घ्यावयाचा आहे.

या पार्श्वभूमीवर पाच गोष्टींचा आग्रह धरावा असे वाटते. एक, प्रत्येक जिल्ह्यात आरोग्य प्रशासनात परिचर्येचे वरिष्ठ पद असावे व त्या पदाला मनुष्यबळ नियोजनात प्रत्यक्ष अधिकार असावा. दोन, ग्रामीण सेवेत राहूनच पदोन्नती मिळेल अशी शिडी तयार व्हावी. तीन, कोणते औषध, कोणता उपचार व कोणता संदर्भ-निर्णय परिचारिका स्वतंत्रपणे घेऊ शकते, याची लेखी व सुस्पष्ट मर्यादा निश्चित करून त्या मर्यादेत घेतलेल्या निर्णयाला कायदेशीर संरक्षण द्यावे. चार, पर्यवेक्षणाचे स्वरूप तपासणीकडून मार्गदर्शनाकडे वळावे. पाच, ग्रामपंचायतीशी नाते दृढ व्हावे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य व स्वच्छता हा विषय तेविसाव्या क्रमांकावर आहे. उपकेंद्राचे पाणी, वीज, कुंपण व सेविकेची सुरक्षितता हे विषय ग्रामसभेच्या पटलावर आले, तर अर्ध्या अडचणी गावातच सुटतील.

या सर्वांसाठी पैसा लागेल, हे खरे. पण यांपैकी तिसऱ्या व चौथ्या मुद्द्याला पैशापेक्षा विश्वासाची अधिक गरज आहे. २००५ च्या अनुमतीने कोणतीही नवी इमारत बांधली नव्हती.

मित्रांनो, स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण समित्यांची नावे, वर्षे व टक्केवारी लिहाल; ती लिहिलीच पाहिजेत. परंतु उत्तराला वजन येते ते कार्यकारणभावाने. परिचारिकांची संख्या वाढविणे हा एक प्रश्न, त्यांचे वितरण हा दुसरा आणि त्यांच्या अधिकाराचा प्रश्न तिसरा. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळू नयेत, तसेच एकाच्या उत्तराने दुसरा सुटला असेही समजू नये. आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील, काही आरोग्यसेवेत येतील. जे प्रशासनात जातील त्यांनी पहिल्या जिल्हा आढावा बैठकीत एवढेच पाहावे की, मेजाभोवती परिचर्येचा प्रतिनिधी बसला आहे की दाराशी नोंदवही घेऊन उभा आहे. जे आरोग्यसेवेत येतील त्यांनी आपले ज्ञान अद्ययावत ठेवावे, निर्णय घेण्यास कचरू नये व घेतलेल्या निर्णयाची नोंद ठेवावी. अधिकार मागावा लागतो, तसा तो पेलण्याची सिद्धताही करावी लागते. या दोन्ही बाजूंनी पावले पडली, तरच शेवटच्या वाडीतील शेवटच्या मातेपर्यंत आपली आरोग्यव्यवस्था खऱ्या अर्थाने पोहोचेल.